डेलॉयचं नाक

बीव्हर नर आहे की मादी, हे बाहेरून कळत नाही. जे काय असतं ते आत असतं, आणि वरून दोघंही सारखेच, भिजलेल्या गोणपाटासारखे. मग वास घ्यावा लागतो. शेपटीखाली दोन ग्रंथी असतात. त्या दाबल्या की चिकट काहीतरी येतं, ते फडक्यावर घ्यायचं आणि नाकाला लावायचं. इंजिन ऑइलसारखा वास आला तर नर, जुन्या चीजसारखा आला तर मादी. हसू नका. मीही हसले होते, आणि नंतर उन्हाळाभर मला हसू सुचलं नाही.

सुरुवात व्हर्ल टोलमनपासून झाली. व्हर्लची जमीन आमच्या खालच्या अंगाला, बॅजर ओढ्यावरच. तो माझा कोणी लागत नाही, पण आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांचे भाऊ-बहीण, म्हणून तो मला ताई म्हणतो आणि मी त्याला भाऊ. तर या भाऊच्या पाटाच्या दारात बीव्हर येऊन बसले. त्याची पाणीपाळी आली की दार उघडायला जावं, तर दारात काटक्या, चिखल, दगड, सगळं ठासून भरलेलं. हा दिवसभर उपसणार आणि ते सकाळपर्यंत पुन्हा भरणार.

"ताई, मी आता गोळीच घालतो बघ," तो आमच्या अंगणात येऊन म्हणाला. "पाण्याची पाळी माझी आणि दाराला कुलूप यांचं."

"घालू नकोस," माझा नवरा डेलॉय म्हणाला. "मला दे ते."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण डेलॉयने सगळा विचार करून ठेवला होता. आमच्या वरच्या कुरणात तोच ओढा बर्फ वितळलं की दणदणत येतो आणि ऐन उन्हाळ्यात पाहावं तर नुसते दगड. दोन उन्हाळे आम्ही गाईंसाठी टँकरने पाणी वाहिलं. बीव्हर तिथे बसले तर बांध घालतील, पाणी थांबेल, जमिनीत मुरेल आणि नंतर सावकाश पाझरत राहील. असं वन्यजीव खात्याची बाई, नेकाने, म्हणत होती. शिवाय व्हर्लचा त्रास जाईल.

आणि आम्हाला ते पाणी हवंच होतं. आमची मुलगी जनील बॉयसी शहरात असते. नाताळात आली तेव्हा टेबलावर तिने बापाकडून वचन घेतलं की यंदाही उन्हाळ्याच्या शेवटी भरणाऱ्या जत्रेच्या आत वरचा ओढा आटला तर गाई विकायच्या, घर बंद करायचं आणि तिच्याकडे यायचं. डेलॉयने तिच्या हातावर हात मारला. तो शब्द मोडत नाही, हे तिला माहीत आहे, म्हणून तर तिने घेतला. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला बॉयसीत चार दिवसांत वेड लागेल.

नेकाने पिंजरे घेऊन आली. चाळिशीची बाई, गुडघ्यापर्यंत बूट, हातात कॉफीचा थर्मास. आमच्या घरात कॉफी येत नाही, आमच्या चर्चमधल्या कोणाच्याच येत नाही, धर्माला वर्ज्य आहे, त्यामुळे तिची गाडी आली की डेलॉय दरवर्षी तिला चिडवायचा. "नेकाने, तू फाटकापाशी असतानाच मला कळलं. पापाचा वास येतो." आणि ती म्हणायची, "काका, एक घोट घ्या, देवाला नाही सांगत मी." यंदा ती थेट त्याच्या शेजारी उभी राहून ओतत होती आणि हा काही बोललाच नाही. मला वाटलं, उशिरा का होईना, शहाणपण आलं.

वासाचं काम डेलॉयकडे दिलं, त्यात कोणाला काही वाटलं नाही. तीन जिल्हे एकट्या नेकानेच्या गळ्यात, ती किती वेळा येणार? आणि आमच्या खोऱ्यात नाक म्हणजे डेलॉयचं. लसूणघास कापून वाळत घातला की गंजी रचायच्या आधी लोक त्याला बोलावतात. ओलसर घास रचला तर तो आतल्या आत तापतो आणि एक दिवस आपोआप पेट घेतो, कोठारासकट. डेलॉय मूठभर उचलतो, नाकापाशी धरतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "आज नको. परवा." त्याने हो म्हटलेली गंजी कधी पेटली नाही. असल्या माणसाला ऑइल आणि चीज यातला फरक कळणार नाही?

पहिला बीव्हर व्हर्लच्या दारापाशी सापडला. त्याचं डोकं गोणीत घालून मी धरला, डेलॉयने दाबलं, फडकं नाकाला लावलं. "ऑइल. नर." त्या आठवड्यातच दुसरा सापडला. तोही नर.

दोन परके नर एकत्र ठेवले तर फाडून खातात एकमेकांना, असं नेकानेने बजावलं होतं. म्हणून वासरांच्या गोठ्यात मध्ये फळ्या ठोकल्या, दोन्हीकडे एकेक हौद ठेवला आणि मादीची वाट बघायची ठरलं. जोडी असली तर सोडलेल्या जागी टिकतात, नाहीतर भटकत सुटतात आणि फिरून व्हर्लच्या दारात.

व्हर्लला भलताच चेव आला. "डेलॉयभाऊ, तुझ्या गोठ्यात आपली रविवारची पुरुषांची सभा भरलीय की. दोघंही गप्प बसून पेंगतात का?"

पेंगत कसले. ते दोघे फळ्यांना तोंड लावून दिवसभर कुरकुर करायचे. एक इकडून फळी कुरतडायचा, दुसरा तिकडून. मी वाळुंजाच्या फांद्या टाकायची, तर फांदी तोंडात घेऊन पुन्हा फळीपाशी. मी नेकानेला फोनवर सांगितलं.

"भांडायला बघतायत का?" तिने विचारलं.

"मला भांडण ओळखू येतं गं, मी लग्न झालेली बाई आहे. हे काही तसं वाटत नाही."

"विचित्र आहे, काकू. नरच आहेत ना नक्की?"

मी डेलॉयकडे पाहिलं. त्याने माझ्या हातातून फोन घेतला. "माझ्या नाकावर शंका आहे का तुझी?" आणि ती बिचारी नाही नाही म्हणत राहिली.

मादी काही सापडेना. ओढ्याचं पाणी उतरत चाललं, काठचे दगड पांढरे दिसायला लागले. चर्चमध्ये सगळ्यांनी पावसासाठी उपास केला, त्या दिवशी आभाळ कसं धुतल्यासारखं स्वच्छ. डेलॉय आणि मी वर जाऊन ओढ्यात खुंट ठोकले आणि त्यांत वाळुंजाच्या फांद्या विणून कुडासारखे दोन कच्चे बांध तयार केले, बीव्हरना आयतं घर मिळावं म्हणून. घर तयार, राहणारे गोठ्यात आणि नवरी कुठे ते कोणाला ठाऊक नाही.

मग एका सकाळी मी फांद्या घेऊन गोठ्यात गेले, तर दुसऱ्या बीव्हरच्या पेंढ्यात काहीतरी बारीक चिवचिवत होतं. वाकून बघितलं. तीन पिल्लं. डोळे उघडे, अंगावर लव, शेपट्या चमच्याएवढ्या.

मी तिथेच पेंढ्यात बसले. नराला पिल्लं झाली होती.

डेलॉयला बोलावलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "नेकानेने शिकवलंच चुकीचं," तो म्हणाला.

नेकाने फोनवर आधी खूप हसली आणि दुसऱ्या दिवशी आली. तिने फडकं नाकाला लावलं आणि माझ्याकडे दिलं. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात विसरलेलं चीज, दुसरं काही नाही. पलीकडच्याचंही घेतलं, ते मात्र ऑइलच. "काकू, हे नवरा-बायको आहेत," ती म्हणाली. "एकाच दारात सापडलेले. आपण त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलं."

"तेव्हा ऑइलचाच होता," डेलॉय म्हणाला.

उत्तर व्हर्लने शोधलं. "अरे, तुझे हात सदान्‌कदा ट्रॅक्टरच्या पोटात. तुला तुझाच वास आला, भाऊ." सगळे हसले. डेलॉयही हसला, हात पाठीमागे घेऊन. मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पिल्लं थोडी मोठी झाल्यावर सगळं कुटुंब वर नेलं. पिंजरा उघडला तसा बाप सरळ पाण्यात, आणि आई पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत काठावर थांबली. जाताना त्याने शेपटी अशी आपटली की माझा परकर भिजला. आम्ही विणलेल्या कुडाकडे त्यांनी बघितलं, नापसंत केला आणि आठवड्याभरात स्वतःच्या मनासारखा करून घेतला. बांधामागे पाणी चढायला लागलं. रोज संध्याकाळी डेलॉय काठी रोवून बघायचा आणि घरी येऊन काठीवरची ओल मला दाखवायचा.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझं डोकं भलतीकडेच अडकलं होतं. एके सकाळी त्याने ओटच्या लापशीवर नासकं दूध ओतलं. मला टेबलाच्या या टोकाला वास आला आणि तो चमचा चमचा खात होता. मी म्हटलं, "दूध नासलंय." तो म्हणाला, "मला आवडतं असं." पन्नास वर्षं संसार केला, याला नासकं दूध आवडतं हे मला माहीत नाही? मग ओसरीखाली स्कंक, तो मांजराएवढा घाणेरड्या वासाचा प्राणी, मरून पडला. शेजारून जाणारा पोस्टमन नाक धरून पळाला, आणि हा त्याच ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसला. विचारलं तर म्हणे, "गावात राहायचं तर एवढं चालायचंच."

मला कळेना की हा मुद्दाम करतोय, की माझी थट्टा चाललीय, की मीच वेडी झालेय.

शेवटी एका दुपारी मी गोठा धूत होते. तेच फडकं हातात होतं, साबणाने दोनदा धुतलेलं, उन्हात वाळवलेलं. मी ते नळाच्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि ओसरीवर घेऊन गेले. "हे बघ रे," म्हटलं. "व्हर्लकडे अजून एक सापडलाय. नर की मादी?"

त्याने फडकं घेतलं. नाकापाशी धरलं. डोळे मिटले, अगदी गंजीपाशी मिटतो तसे. बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "ऑइल."

मी फडकं परत घेतलं. माझे सासरे, ऑर्सन, त्यांचं आधी नाक गेलं होतं, कशाचाच वास येईना. मग अक्षर बारीक बारीक होत गेलं, मग हात कापायला लागला, मग एक दिवस त्यांनी मला विचारलं, बाई, तुम्ही कोणाच्या. मी त्यांना भरवत होते तेव्हा हाच डेलॉय दारात उभा राहून बघायचा आणि आत यायचा नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. आणि मग मला व्हर्लची गंजी आठवली. आठवड्यापूर्वी याच माणसाने मूठ नाकाला लावली होती आणि 'रच' म्हणाला होता.

मी ट्रक काढला. व्हर्ल कोठाराच्या दाराला ग्रीस लावत होता. मी त्याच्याशी बोललेच नाही, सरळ आत गेले आणि दोन गठ्ठ्यांच्या मधून हात खांद्यापर्यंत आत घातला. भट्टीत घातल्यासारखा झाला. मी ओढून काढला तेव्हा कातडी लाल झाली होती.

"व्हर्ल," मी म्हटलं, "गंजी ओढ बाहेर. आत्ता."

त्याने माझा हात बघितला आणि एक प्रश्न विचारला नाही. अग्निशमनवाल्यांना फोन केला, ट्रॅक्टर आणला, आणि आम्ही गठ्ठे अंगणात खेचायला लागलो. मधले गठ्ठे फुटले तेव्हा त्यांतून वाफ निघत होती आणि आतला घास तंबाखूसारखा काळपट झाला होता. करपलेल्या गुळासारखा वास सगळ्या अंगणभर.

डेलॉय माझ्या मागोमाग जुन्या ट्रकने आला होता. तो उतरला आणि उभा राहिला. सगळीकडे गठ्ठे, वाफ, आगीचा बंब येऊन थांबलेला. त्याने हातमोजे चढवले आणि गठ्ठे ओढायला लागला. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

सगळं संपल्यावर व्हर्ल त्याच्याजवळ गेला. मला वाटलं, आता बोलेल, आणि बोलावंच त्याने, मी तरी बोलले असते. व्हर्लने त्याच्या पाठीवरचा भुसा झटकला. "होतं कधी कधी, भाऊ," तो म्हणाला. "दंव पडलं असेल नंतर."

त्या रात्री आम्ही जेवलो, भांडी घासली, प्रार्थना केली. मला बोलायचं होतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. नाकाबद्दल बोलावं तर सासऱ्यांबद्दल बोलणं आलं.

ओढ्याचं म्हणाल तर असं कधी झालं नव्हतं. खोऱ्यात सगळ्यांचे झरे आटले आणि आमच्या वरच्या कुरणात तळं झालं. गाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून रवंथ करायच्या. व्हर्ल एकदा बघायला आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "माझे चोर तुला दिले, आणि आता माझंच पाणी अडवून बसलायस." पण खाली त्याच्या पाटातही नेहमीपेक्षा उशिरापर्यंत धार राहिली होती, त्यामुळे तो हसतच म्हणाला.

दुसरी कापणी झाली. मला वाटलं होतं, आता व्हर्ल बोलावणार नाही. त्याने बोलावलं. मीही गेले बरोबर. डेलॉयने मूठ उचलली, नाकापाशी धरली, डोळे मिटले. व्हर्ल टोपी हातात घेऊन उभा, मालकासमोर उभं राहावं तसा.

"उद्या," डेलॉय म्हणाला.

"तू म्हणतोस तर उद्या," व्हर्ल म्हणाला.

परत येताना फाटकापाशी डेलॉयने ट्रक थांबवला. "त्याच्या ट्रकमध्ये जाकिटाखाली घासाची ओल मोजायचं यंत्र होतं," तो म्हणाला. "लांब दांड्याचं. दांड्याला ताजा घास चिकटला होता." त्याने पुन्हा गाडी सुरू केली. "सकाळीच बघून ठेवलं होतं त्याने. 'उद्या' बरोबर होतं का, तेवढं मी त्याला विचारायला पाहिजे होतं."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार.

जत्रेचा आठवडा आला. मी रासबेरीचा जाम स्पर्धेला ठेवून आले, दुसरा नंबर आला, परीक्षक बाईला काही कळत नाही. त्याच संध्याकाळी जनीलचा फोन. नेहमी मी उचलते, पण डेलॉय आधीच उठला होता.

"हां, बाळा," तो म्हणाला. ती काहीतरी बोलली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वरचं कुरण दिसतं. तळ्यावर ऊन पडलं होतं आणि गाई काठाने चालल्या होत्या. डेलॉय खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"आटला," तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"हो, पार वरपासून. दगड दिसतायत. नाही गं, बीव्हर कसले, ते गेले निघून. मग काय, शब्द म्हणजे शब्द. ये तू गाईंचं बघायला." मग त्याने ऐकलं आणि फोन माझ्याकडे धरला. "तुला विचारतेय."

मी फोन घेतला. "आई," जनील म्हणाली, "खरंच आटला? बाबा काहीतरी लपवतायत असं वाटतंय मला."

डेलॉय खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याला दोनदा बांधाव्या लागल्या. त्याच्याकडे बघून मला एवढं कळलं की त्याला या घरातून शब्द पाळणारा माणूस म्हणून बाहेर पडायचं होतं, बापाचं दुखणं लागलेला ऑर्सनचा मुलगा म्हणून नाही. पण मला बॉयसीला जायचं नव्हतं, ओढा भरलेला होता, मी जिंकले होते. हे तिला सांगायला माझं तोंड उघडलंही.

"हो," मी म्हटलं. "आटला."

का म्हटलं, ते मला अजूनही नीटसं सांगता येत नाही. जनील येऊन बघेल तेव्हा तिला काय सांगायचं, याचाही आम्ही विचार केला नव्हता.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "चल, वर जाऊन येऊ." आम्ही चालत गेलो, तो काठी टेकत. तळ्याकाठी आडव्या पडलेल्या अस्पेनच्या झाडाच्या खोडावर बसलो. ते खोडही बीव्हरनीच पाडलेलं. पाण्यात एक डोकं सरळ रेघ ओढत गेलं, मागे तीन लहान डोकी.

डेलॉयने पाण्याकडे बघतच विचारलं, "कसा वास येतोय गं इथे?"

मी नाक भरून श्वास घेतला. "चिखलाचा," म्हटलं. "ओल्या लाकडाचा. पुदिना उगवलाय कुठेतरी, त्याचा."

"आणि?"

"गाईंचा. तुझ्या हातांना ऑइलचा."

तो हसला. "आणि तिचा? चीजचा?"

"थांब," मी म्हटलं, आणि खरंच येतोय का ते बघायला पुढे वाकले.